जगबुडीच्या तारखा आणि सास्तूरची पहाट

पृथ्वीच्या अंताच्या अफवा ‘नासा’च्या नावावर खपतात आणि त्या फोल ठरल्या की विश्वास उडतो तो विज्ञानावरचा. भूकंप सोसलेल्या धाराशिव-लातूर पट्ट्याला हे परवडणारे नाही.

‘आज रात्री साडेबारा ते साडेतीनच्या दरम्यान अवकाशातून घातक किरण पृथ्वीवर येणार आहेत. मोबाइल बंद करून लांब ठेवा. नासाने इशारा दिला आहे. आपल्या माणसांना लगेच कळवा.’ या आशयाचा संदेश गेली अनेक वर्षे मोबाइलवरून फिरतो आहे. त्यात तारीख नसते, त्यामुळे तो कधी शिळा होत नाही. वर्ष-दोन वर्षांनी कुठल्या तरी गटात तो पुन्हा उगवतो, कुणीतरी काळजीपोटी पुढे पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आपापल्या कामाला लागतात.

पुण्या-मुंबईत असा संदेश हसण्यावारी नेला जातो. धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा-लोहारा पट्ट्यात मात्र ‘आज रात्री सावध राहा’ या शब्दांना वेगळे वजन आहे. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली गावे झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली. लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली सास्तूर, होळी, राजेगाव ही गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. आठ ते दहा हजार माणसे गेली. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली. त्याआधी हा भाग देशाच्या भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

ज्या घरात तीन पिढ्या एका रात्रीत गेल्या, त्या घरातल्या माणसाला ‘असे काही नसते हो’ म्हणून गप्प बसवता येत नाही. कारण असे काही झालेले त्याने पाहिले आहे. आजही मराठवाड्यात जमिनीतून गूढ आवाज आला की लोक घराबाहेर येतात. हिंगोली जिल्ह्यातले पांगरा शिंदे हे गाव अशा आवाजांसाठी वर्षानुवर्षे बातम्यांत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीने हेच अनुभवले. २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा कितीतरी घरांत पहिले नाव निघाले ते किल्लारीचे. जगबुडीच्या अफवांचा विचार करायचा तर तो या अनुभवापासूनच सुरू करावा लागतो.

आधी भीती, मग कारण

अफवेमुळे भीती पसरते, असे आपण धरून चालतो. पण भारतातच झालेला एक जुना अभ्यास याच्या उलट सांगतो. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा करून त्यांचा अभ्यास केला. ज्यांना हादरा जाणवला पण ज्यांच्या भागात नुकसान झाले नव्हते, अशा लोकांमध्ये त्या अफवा होत्या. अमुक दिवशी याहून मोठा भूकंप होणार, प्रलय येणार, अशा त्या होत्या. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडी कोसळलेल्या भागाचा अभ्यास केला. तिथे लोकांनी विध्वंस डोळ्यांनी पाहिला होता. पण आणखी भयंकर संकटाच्या अफवा तिथे तशा आढळल्या नाहीत.

हे कोडे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये सोडवून दाखवले. ज्याचे घर पडले त्याला आपण का घाबरलो हे ठाऊक असते. ज्याला फक्त हादरा बसला त्याची छाती धडधडत असते, पण आजूबाजूला सगळे जागच्या जागी असते. मनात भीती आहे आणि तिला कारण सापडत नाही, ही अवस्था माणसाला सोसवत नाही. मग ‘उद्या मोठा येणार आहे’ हे वाक्य भीतीला कारण पुरवते. म्हणजे भीती आधी येते आणि अफवा तिच्या मागून येते.

हे लक्षात आले की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपाचे धक्के उत्तर भारतात जाणवले. त्या रात्री बिहार-उत्तर प्रदेशात ‘पुढचा धक्का अमुक वाजता, नासाने सांगितले’ आणि ‘चंद्र उलटा दिसतो आहे’ असे संदेश फिरले. सरकारने खुलासे केले, तरी लोक रस्त्यांवर आणि मैदानांत रात्रभर बसून राहिले. त्यांना कुणी ठार वेडे म्हणू नये. जमीन हललेली त्यांनी स्वतः अनुभवली होती.

कटाच्या कहाण्यांचेही असेच आहे. परिस्थिती आपल्या हाताबाहेर गेली असे वाटू लागले की माणसाला नसलेल्या आकृत्याही दिसू लागतात, असे २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले होते. संकट मोठे असेल तर त्यामागचे कारणही तेवढेच मोठे हवे, असे मनाला वाटते. खडकांमधला ताण हळूहळू साचत गेला आणि एका पहाटे सुटला, हे उत्तर खरे असले तरी त्यात राग काढायला कुणी नसते. ‘त्यांना आधीच माहीत होते, त्यांनी लपवले’ या उत्तरात निदान एक गुन्हेगार सापडतो.

आकाशातल्या तारखा

आपल्याकडे जगबुडीच्या तारखा काही मोबाइलबरोबर आल्या नाहीत. फेब्रुवारी १९६२ मध्ये सूर्य, चंद्र, पाच ग्रह आणि केतू मकर राशीत एकत्र येणार म्हणून ‘अष्टग्रही’ची देशभर धास्ती होती. ठिकठिकाणी यज्ञ झाले, लोकांनी प्रवास पुढे ढकलले. काहीच घडले नाही आणि घडण्यासारखे काही नव्हतेही. भरती-ओहोटी घडवणारे चंद्राचे जे बल आहे, त्याच्या दहा हजारावा हिस्साही शुक्रासारख्या जवळच्या ग्रहाचा पृथ्वीवर पडत नाही. गंमत अशी की याच १९६२ साली विक्रम साराभाईंच्या नेतृत्वाखाली भारताची राष्ट्रीय अवकाश संशोधन समिती स्थापन झाली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला. एकाच देशाने एकाच वर्षी आकाशाकडे या दोन्ही नजरांनी पाहिले.

जुलै १९७९ मध्ये अमेरिकेची ‘स्कायलॅब’ ही सुमारे ७७ टनांची अवकाशस्थानक प्रयोगशाळा खाली येणार होती. ती नेमकी कुठे पडेल हे सांगता येत नव्हते. त्या दिवसांतली धास्ती आठवणारी माणसे आजही गावोगाव भेटतील. ११ जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. नंतर आली २१ डिसेंबर २०१२ ही माया संस्कृतीच्या दिनदर्शिकेवरून काढलेली तारीख.

हे सगळे आता विनोदाने सांगितले जाते. पण आरोग्याच्या नजरेने पाहिले तर त्यात हसण्यासारखे फार नाही. नासाचे खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड मॉरिसन यांच्याकडे २०१२ च्या तारखेविषयी हजारो लोकांनी विचारणा केली. ‘प्रलय येण्याआधी मी जीव द्यावा का’ असे विचारणारी किशोरवयीन मुलेही त्यांत होती. सप्टेंबर २००८ मध्ये युरोपातला मोठा कणवेगवर्धक सुरू होणार होता. त्यातून कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळली जाईल, अशी चर्चा आपल्या काही वाहिन्यांनी दिवसरात्र चालवली. त्याच दिवसांत मध्य प्रदेशातल्या एका किशोरवयीन मुलीने या भीतीने आत्महत्या केल्याचे तिच्या वडिलांनी सांगितले होते. ‘पृथ्वी नष्ट होणार?’ या मथळ्यापुढचे प्रश्नचिन्ह मोठ्यांना दिसते, मुलांना दिसेलच असे नाही.

आपत्तीतून गेलेल्या माणसावर अशा बातम्यांचा परिणाम अधिक होतो. वर्षश्राद्धाचा दिवस, जमिनीखालचा आवाज, दाराची कडी वाजणे एवढ्यानेही जुना प्रसंग जसाच्या तसा समोर उभा राहू शकतो. झोप उडते, छातीत धडधडते, पोटात कळ येते, मूल आईला सोडत नाही. किल्लारी भूकंपानंतर बाधित गावांतल्या लोकांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पात झाला, तो याच कारणाने. भूकंप काही सेकंदांत संपतो, पण त्याची भीती वर्षानुवर्षे शरीरात राहते. अशी भीती रोजच्या जगण्यात आड येत असेल तर सरकारच्या ‘टेली मानस’ या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. घरातल्या कुणाला या क्रमांकाची गरज वाटली, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

‘नासा’च्या नावाने

या अफवांमध्ये एक विचित्र सौदा आहे. पूर्वी भाकिताखाली एखाद्या साधूचे किंवा पंचांगाचे नाव असे, आता ‘नासा’चे किंवा ‘इस्रो’चे असते. म्हणजे अफवा पसरवणाऱ्यालाही ठाऊक आहे की लोकांचा विश्वास कुणावर आहे. तो विश्वास उसना घेऊन भाकीत विकले जाते. ठरलेल्या रात्री काही घडले नाही की अफवेचा मूळ कर्ता कुणालाच सापडत नाही. लक्षात राहते ते एवढेच की ‘नासावाले काहीही सांगतात’. उधारी एकाची आणि बुडीत खाते दुसऱ्याच्या नावावर, असा हा व्यवहार आहे.

असे दहा वेळा झाले की खऱ्या इशाऱ्याची किंमत उतरते. अकराव्या वेळी हवामान खात्याने विजा आणि अतिवृष्टीचा इशारा दिला, तर तोही त्याच पिशवीत जातो. आणि ‘हे लोक आकाशात बघत बसतात, आम्हाला काय उपयोग’ या प्रश्नाला जोर चढतो.

खरा इशारा कसा असतो हे २०२५ च्या सुरुवातीला जगाने पाहिले. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या एका दुर्बिणीने ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह शोधला. त्याचा आकार ४० ते ९० मीटर असावा असा अंदाज होता. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता सुरुवातीला सुमारे एक टक्का होती. १८ फेब्रुवारीला ती ३.१ टक्क्यांवर गेली. संभाव्य पट्टा अरबी समुद्रावरून दक्षिण आशियापर्यंत येत असल्याने मुंबईचे नावही बातम्यांत झळकले. आठवडाभरातच ती शक्यता ०.००४ टक्क्यांवर, म्हणजे जवळपास शून्यावर आली. लगेच दोन प्रतिक्रिया उमटल्या. एक म्हणजे शास्त्रज्ञांना काही कळत नाही, रोज आकडे बदलतात. दुसरी म्हणजे लोक घाबरू नयेत म्हणून आता दडपले जात आहे.

यात शास्त्रज्ञ चुकले नव्हते आणि कुणी काही दडपलेही नव्हते. गावातल्या माणसाला हे गणित चांगले ठाऊक असते. रात्रीतून एखाद्याचा बैल दावे तोडून निघून गेला. सकाळी सगळे म्हणतात, आसपासच्या दहा गावांपैकी कुठल्यातरी एका शिवारात असेल. म्हणजे आपल्या शिवारात सापडण्याची शक्यता दहात एक. दुपारपर्यंत सहा शिवारे पालथी घातली, तिथे नाही. आता उरली चार. बैल तसूभरही हलला नसला तरी आपल्या शिवाराची शक्यता चारात एक झाली. संध्याकाळी खुरांचे माग पलीकडच्या ओढ्याकडे गेलेले दिसले आणि आपली शक्यता शून्य झाली. लघुग्रहाचेही असेच असते. मोजमापे वाढतात तशी अनिश्चिततेची कड आक्रसते. पृथ्वी त्या कडेच्या आत असेपर्यंत धोक्याचा टक्का वाढतो आणि एकदा बाहेर पडली की धाडकन उतरतो. बदलणारा आकडा म्हणजे शोध चालू असल्याची खूण आहे.

आणि शोधापलीकडेही माणूस गेला आहे. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाच्या ‘डार्ट’ यानाने डायमॉर्फस या लहान अवकाशीय खडकावर मुद्दाम धडक दिली. मोठ्या सोबत्याभोवतीची त्याची ११ तास ५५ मिनिटांची फेरी त्यामुळे सुमारे अर्ध्या तासाने कमी झाली. म्हणजे वेळेवर कळले तर असा दगड वाटेवरून हटवता येईल. जयंत नारळीकरांनी ‘धूमकेतू’ ही कथा लिहिली तेव्हा हे सारे कल्पनेत होते. त्या कथेत पृथ्वीवर येणारा धूमकेतू शास्त्रज्ञ यान पाठवून वळवतात आणि इकडे घरात श्रेय मिळते ते यज्ञाला. विज्ञानाची खरी अडचण त्या शेवटात आहे. टळलेले संकट कुणाला दिसत नाही, त्यामुळे ते टाळणाऱ्याचे कामही दिसत नाही.

प्रश्न विचारणे वेगळे, कट रचणे वेगळे

कटाच्या कहाण्यांवर टीका करताना एक गल्लत होते. प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला अंधश्रद्धाळू ठरवले जाते. लोकांचे कितीतरी प्रश्न रास्त असतात.

किल्लारी भूकंपानंतर लोकांनी विचारले, लोहारा तालुक्यातल्या माकणीच्या निम्न तेरणा धरणाच्या पाण्यामुळे तर हे झाले नाही? हा प्रश्न अडाणी नव्हता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा धरणातल्या पाण्याशी असलेला संबंध जगभर अभ्यासला गेला आहे. किल्लारीबाबतही शास्त्रज्ञांनी हा मुद्दा तपासला, शोधनिबंध लिहिले, आपसांत वाद घातले. या भागात बेसाल्टच्या थराखाली काय आहे हे पाहण्यासाठी किल्लारीजवळ खोल विंधनविवरही घेण्यात आले. प्रश्न मोजमापाकडे नेतो तेव्हा तो विज्ञानाचाच भाग असतो. कटाची कहाणी मात्र कोणत्याही पुराव्याने हलत नाही. पुरावा विरोधात गेला तर तो पुरावाच कटाचा भाग ठरतो.

दुसरे उदाहरण २ एप्रिल २०२२ चे. गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भासह राज्याच्या अनेक भागांतून आकाशात आगीच्या रेघा सरकताना दिसल्या. कुणी उल्का म्हणाले, कुणी क्षेपणास्त्र, कुणी अपशकुन. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन पाहणी केली. चिनी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असा निष्कर्ष अवकाश अभ्यासकांनी काढला. इथे घाबरलेले लोक पूर्णपणे चुकीचे नव्हते. आकाशातून लोखंड खरोखर पडले होते. नुकसान झाले तर भरपाई कुणी द्यायची, यासाठी १९७२ चा आंतरराष्ट्रीय करारही आहे. अपशकुनाची चर्चा रात्रभर झाली, पण ‘आमच्या डोक्यावरून काय काय जाते आणि ते पडले तर जबाबदार कोण’ हा नागरिकाचा खरा प्रश्न बाजूलाच राहिला.

तिसरे उदाहरण याच जिल्ह्याचे. २०२० च्या खरिपात अतिवृष्टीने सोयाबीन गेले. नुकसान ७२ तासांत कळवले नाही म्हणून विम्याचे दावे नाकारले गेले. शेतकऱ्यांना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. पीकविम्यात उत्पादनाचा अंदाज बांधायला आता उपग्रहांची मदत घेतली जाते. उद्या उपग्रहाने ‘पीक बरे आहे’ असे सांगितले आणि बांधावर पीक आडवे असले, तर शेतकरी यंत्रावर रागावेल की यंत्रणेवर? त्याला हे दोन्ही वेगळे करून दाखवायचे असेल, तर उपग्रह काय मोजतो आणि काय मोजू शकत नाही हे त्याला त्याच्या भाषेत, नुकसान होण्याआधी कळले पाहिजे. विज्ञानावरचा अविश्वास पुष्कळदा प्रयोगशाळेत जन्मत नाही, तो खिडकीपुढच्या रांगेत जन्मतो.

पंच्याण्णव रुपयांचे आकाश

‘चंद्रावर जायला पैसे आहेत, आमच्या पाण्याला नाहीत’ हे वाक्य दुष्काळी पट्ट्यात वारंवार ऐकू येते. त्यामागची वेदना खरी आहे, म्हणून आकडेही खरे सांगितले पाहिजेत. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये होता. केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अवकाश विभागाला सुमारे १३,४१६ कोटी रुपयांची तरतूद होती. एकूण अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांतले सव्वीस पैसे, किंवा माणशी वर्षाला साधारण ९५ रुपये. यातच हवामानाचे आणि दळणवळणाचे उपग्रह येतात, पिके व पाणी पाहणारे येतात आणि चंद्रही येतो.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान उतरताना लाखो लोक श्वास रोखून थेट प्रक्षेपण पाहत होते. पण उड्डाणाच्या दिवशीच्या टाळ्या म्हणजे पाठिंबा नव्हे. आपण संशोधनावर देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो आणि त्याबद्दल निवडणुकीत कुणी अवाक्षर काढत नाही. पाठिंबा कसा ओसरतो ते अमेरिकेत दिसते. १९६६ मध्ये तिथल्या संघराज्य खर्चाचा ४.४ टक्के वाटा नासाकडे जात होता. आज तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नासाच्या विज्ञान कार्यक्रमांना जवळपास निम्मी कात्री लावण्याचा प्रस्ताव मांडला, त्यावर मोठा वाद झाला. चंद्रावर माणूस उतरलाच नाही असे मानणारे लोकही त्याच देशात आहेत.

याचा उमरग्याशी काय संबंध? ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ उपग्रह सोडण्यात आला. नासा आणि इस्रो यांनी तो मिळून बांधला आहे. ७४७ किलोमीटर उंचीवरून तो रडारच्या लहरी सोडतो, ढग असोत की रात्र असो. पृथ्वीवरचा जवळपास प्रत्येक भूभाग दर १२ दिवसांत पुन्हा मोजतो आणि जमीन सेंटिमीटरभर खचली किंवा उचलली गेली तरी ते टिपू शकतो. उपसा वाढून जमीन कुठे बसते आहे, मातीतला ओलावा किती आहे, भूकंपानंतर कुठला भाग किती सरकला, हे त्यातून कळेल. मात्र तो भूकंपाचे भाकीत करणार नाही. किल्लारीसारख्या भागात खडकांतला ताण इतक्या संथपणे साचतो की आकाशातून तो दिसेलच असेही नाही. ही मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी, नाहीतर उद्या ‘निसारने सांगितले’ म्हणून नवी अफवा तयार होईल.

मराठवाड्यात आणखी एक मोठे काम येऊ घातले आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये लेसरचे किरण धावतील आणि दूरच्या कृष्णविवरांच्या टकरींतून आलेला थरथराट मोजतील. जमिनीखालच्या आवाजाने दचकणाऱ्या जिल्ह्यात इतके मोठे, सामान्य माणसाला अनोळखी यंत्र येते आहे. एखाद्या रात्री धक्का बसला तर ‘त्या यंत्रामुळेच’ असे म्हणायला कितीसा वेळ लागेल? तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातली न्यूट्रिनो वेधशाळा अशीच अडकून पडली. तिथे पश्चिम घाटातल्या जंगलाविषयीच्या रास्त शंका आणि न्यूट्रिनोच्या घातकतेविषयीची निराधार भीती एकत्र झाली आणि नंतर वेगळी करता आली नाही. हिंगोलीत हे टाळायचे तर शास्त्रज्ञांनी पारावर बसून बोलण्याची वेळ पहिला धक्का बसण्याच्या आधीची आहे.

तारीख की काम?

अफवा ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. भूकंप अमुक दिवशी, अमुक वाजता होणार असे सांगणारा संदेश खोटा, मग त्याखाली कुणाचेही नाव असो. जगातल्या कोणत्याही संस्थेला आजवर भूकंपाची तारीख आणि वेळ सांगता आलेली नाही. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारीत अनेक धक्के बसले होते, १८ ऑक्टोबरचा तर चांगलाच जाणवला होता. तरी पुढच्या वर्षीची ती पहाट त्यातून कुणालाही वर्तवता आली नाही. संदेशात तारीख असेल, ‘सर्वांना पाठवा’ असेल आणि करायला काहीच काम नसेल, तर तो आपल्या मोबाइलवरच थांबवावा.

कारण भाकीत तारीख देते आणि काम देत नाही. विज्ञान तारीख देत नाही, पण काम देते. सास्तूर-किल्लारीत माणसे मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर कोसळून. त्या भिंतींचे दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते, कोपरे बांधलेले नव्हते. म्हणून भूकंपानंतर हा भाग वरच्या धोक्याच्या पट्ट्यात घेतला गेला आणि बांधकामाचे नियम कडक झाले. आज गावागावात वाढीव खोल्या चढत आहेत. त्यांत आडवे पट्टे घातले जातात का, कोपऱ्यांत सळई जाते का, हे गवंड्याला विचारणे कुठल्याही चंद्राकडे पाहण्यापेक्षा जास्त महत्त्वाचे आहे. पलंगाशेजारच्या भिंतीवर जड सामान नसावे. हादरा बसताच मुलांनी बाकाखाली डोके झाकून बसावे आणि थांबल्यावर मोकळ्या जागी यावे, हे पाठ असावे.

३० सप्टेंबरला दर वर्षी बाधित गावांत श्रद्धांजली वाहिली जाते. त्याच दिवशी जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत हा सराव करता येईल. जवळच्या भूकंपमापन केंद्राने वर्षभरातल्या लहानमोठ्या धक्क्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावता येईल, ज्या दिवशी आवाज झाला पण धक्का नोंदला गेला नाही त्या दिवसांसह. रात्री लोक घाबरून बाहेर आले, तर दोन तासांत कुणी फोन उचलायचा, हे तहसील कार्यालयात आधीच ठरवता येईल. यातल्या कशालाही फार पैसा लागत नाही. पण मध्यरात्री जमिनीतून आवाज आला आणि कुणाचा तरी फोन उचलला गेला, तर ‘नासाने सांगितले’ या संदेशाची त्या घराला गरज उरणार नाही.